घसरलेला ळ

बहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी मी भद्रकालीतल्या एका प्रेसमध्ये खेटे घालत होतो. तिथल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ रोज दिसायचे. पूर्वी पत्रिकांवरची नावं तेच बोरूनं लिहीत. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकानं त्यांच्याकडून सगळी अक्षरं कागदावर लिहून घेतली आणि त्यांचा फॉन्ट बनवून घेतला. वळणदार, लग्नघराला शोभेल असा. आता निम्म्या नाशकाच्या पत्रिका त्यांच्याच अक्षरात निघत.

माझी पत्रिका छापून आली, तेव्हा ती त्यांनी मागून घेतली. नावं वाचलीच नाहीत. चष्मा कपाळावर सारून ‘विवाहस्थळ’ शोधलं आणि त्यातल्या ळवर बोट ठेवलं. त्याचं शेवटचं वळण जरा घसरलेलं होतं.

“बाबा, तेवढा ळ नीट करून टाकू का?” ऑपरेटर म्हणाला. “गिऱ्हाईकं विचारतात.”

“राहू दे. तो लिहिताना आमची ही चहा घेऊन आली, काहीतरी बोलली. मला हसू आलं आणि हात हलला.”

“काय बोलल्या?” मी विचारलं.

त्यांनी बोट उचललं नाही.

“ती गेल्यापासून तेच आठवत बसतो इथं.”