भलत्या ओळीत पडलेलं ‘नाही’

तुम्ही चहा घ्या, माझ्याकडे बघू नका. मी चहा सोडलाय. का सोडलाय हे सांगायचं म्हणजे माझी सगळी फजिती पहिल्यापासून सांगावी लागेल. सांगू? हसलात तरी चालेल. रडायचं काम मी उरकून घेतलंय.

आमच्या मंजिरीचं लग्न काही केल्या जमेना, म्हणून मी नवस बोलले. तिचं ठरेपर्यंत चहा बंद. आता, मी एकवेळ निर्जळी एकादशी हसत करेन, पण सकाळचा चहा नसला की माझ्या तोंडून रामरक्षासुद्धा जांभया देत बाहेर पडते. तरी लेकीसाठी सोडला. आणि देव पावल्यासारखं मनमाडचं स्थळ आलं. वडील रेल्वेत, मुलगा पुण्यात मंजिरीसारखाच कॉम्प्युटरवाला. दोघं भेटली आणि मंजिरीने मला फोनवर “चालेल” म्हटलं. आमच्या मंजिरीचं “चालेल” म्हणजे दुसऱ्या मुलींनी लाजून आत पळून जाण्यासारखं!

मुलाच्या आई, शोभाताई, हौशी. म्हणाल्या, “वहिनी, मी हल्ली ई-मेल शिकलेय. तुमचं काय ठरतंय ते मेलवरच कळवा.”

आमच्याकडे मंजिरीने दिलेला तिचा जुना लॅपटॉप होता. आमचे हे ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पण त्याला हात लावत नसत. “सुरू कोणीही करेल, सुखरूप उतरवायचं कोणी?” म्हणायचे. मग शिकले ती मीच. बाण हलवायला मंजिरीने बाहेरून माऊस जोडून दिला होता. आणि कळांच्या खाली, अगदी आपल्या पुढ्यात, एक गुळगुळीत रिकामा चौकोन होता. मला सांगा, तो कशासाठी असेल असं तुम्हाला वाटलं असतं? मला वाटलं, हात टेकायला. शिवाय यंत्र झालं तरी सरस्वतीच ती, म्हणून मी रोज त्या चौकोनावर हळदीकुंकू वाहायचे. मग फडक्याने पुसून तिथेच दोन्ही मनगटं टेकवून टाईप करायला बसायचे.

त्या लॅपटॉपला मधूनमधून काहीतरी व्हायचं. लिहितेय खाली आणि अक्षरं उमटतायत वरच्या ओळीत. हे म्हणाले, व्हायरस असेल. मी म्हटलं, नजर असेल, शेजारणी येऊन फार कौतुक करून जातात. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोन दिवस बरा चालला, यावरून काय ते समजा.

होकार कळवायचा तो दिवस मी पंचांग बघून ठरवला. राहुकाळ लागायच्या आत मेल जायला हवा होता. देवापुढे निरांजन लावलं, पदर खोचला आणि बसले. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं, एका बोटाने एकेक कळ शोधायची. मान खाली ती खालीच. लिहिलं ते असं: ‘आम्हाला तुमचं स्थळ पसंत आहे. मुलाच्या वागण्याबद्दल आम्हाला काही विचारायचं नाही.’ कळांवरून मान वर केली ती थेट घड्याळाकडे. राहुकाळ दारात उभा! परत वाचायला वेळ कुठला? हात जोडले आणि पाठवून दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज लॅपटॉप उघडायचे, रोज काही नाही. आठवडा सरला. माझ्या जिवाचं पाणी पाणी. नदीवर जाऊन दिवा सोडून आले, तोही काठाला अडकून बसला. हे म्हणाले, “अगं, मोठी माणसं, विचार करत असतील.” त्यांचा स्वतःचाच आवाज तेव्हा पडला होता.

शनिवारी मंजिरी पुण्याहून आली. म्हणाली, “आई, काय लिहिलं होतंस ते बघू तरी.” तिने मेल उघडला. मग मोठ्याने वाचला.

‘आम्हाला तुमचं स्थळ पसंत नाही आहे. मुलाच्या वागण्याबद्दल आम्हाला काही विचारायचं.’

शेवटचं ‘नाही’ उडी मारून वरच्या ओळीत जाऊन बसलं होतं!

“आई, तू हात कुठे टेकवतेस?”

मी दाखवलं.

“अगं, तो टचपॅड आहे. बोट लागलं तरी क्लिक होतं त्याने, तू तर अख्खं मनगट ठेवलंयस. आणि हे पिवळं काय आहे कडेला?”

“हळद,” मी म्हटलं.

तिने कपाळाला हात लावला. मग कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यात माऊस, त्यात टचपॅड. नुसत्या स्पर्शाने क्लिक होण्याची खूण काढून टाकली, टाईप करताना टचपॅड बंद राहील असं केलं. “फार हळवा ठेवलाय हा,” म्हणत एक पट्टीही मागे सरकवली. हे म्हणाले, “तुझ्या आईचं असलं काही सेटिंग सापडलं तर तेही बघ.” पण कोणी हसलं नाही.

मी लगेच दुसरा मेल केला. मनगटं हवेत धरून. ते ‘नाही’ चुकून पडलंय, आम्हाला स्थळ मनापासून पसंत आहे, असं लिहिलं आणि या वेळी पुन्हापुन्हा वाचलं. संध्याकाळी उत्तर आलं: ‘मेल मिळाला. आता आमचा विचार नाही.’

मंजिरी उठून आत गेली. हे पंख्याकडे बघत बसले. आणि मला मात्र एकदम उजेड पडला. ‘नाही’! भलत्या जागी पडलेलं! बिचाऱ्या शोभाताई, नव्यानेच शिकलेल्या, त्यांचंही मनगट टेकलं असणार!

हे नको नको म्हणत असताना मी मनमाडला फोन लावला. त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, “ताई, घाबरू नका, माझंही अस्संच झालं होतं,” आणि कंट्रोल पॅनेलपासून हळवेपणाच्या पट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, “वहिनी, आमच्याकडे लॅपटॉप नाही हो. साधा टेबलावरचा कॉम्प्युटर आहे. तुमचा नकार आला म्हणून आम्ही नामपूरच्या मुलीला होकार कळवला. परवाच सुपारी फुटली.”

शुभाशीर्वाद दिले आणि फोन ठेवायला गेले, तर त्या म्हणाल्या, “थांबा हो. आमच्या होणाऱ्या सुनेकडे लॅपटॉप आहे आणि तिलाही हाच त्रास आहे. ते काय काढायचं म्हणालात? परत सांगता? लिहून घेते.”

आणि मी सांगितलं हो. सावकाश, एकेक करून. मंजिरी दारात उभी राहून ऐकत होती.

घ्या, माझ्या वाटणीचा चहाही तुम्हीच घ्या. गार होतोय.