खिडकीतली टाकी

लॉकडाउनमध्ये आमच्या सँट्री उपनगरात रोज फिरायला जाताना तळमजल्याच्या एका खिडकीत एक आयरिश आजोबा दिसायचे. समोर उघडीबोडकी काचेची टाकी. तिच्यात वाळू नाही, दगड नाही. लपायला पाइपचा तुकडा आणि एकटाच पिवळा मासा. मला तो प्रकार क्रूरच वाटायचा. पण आजोबा खुर्ची टाकीला चिकटवून बसायचे आणि माशाने खाल्ल्याशिवाय स्वतःच्या चहाला हात लावायचे नाहीत.

एकदा खिडकी उघडी दिसली. मी विचारलंच, "बिचाऱ्याला एकटं का ठेवलंय?"

"नवा आहे. समुद्रातले मासे अंगावर परजीवी घेऊन येतात. तपासल्याशिवाय आतल्या मोठ्या टाकीत बाकीच्यांबरोबर सोडला, तर सगळेच मरतील."

"मग तुम्ही इथे कशाला बसता?"

त्यांनी काचेवर तळवा टेकवला. "बायको नर्सिंग होममध्ये आहे. आत सोडत नाहीत. मी तिच्या खिडकीबाहेर असाच उभा राहतो. कोणीतरी आलंय, एवढं कळतं तिला."

उन्हाळ्यात टाकी रिकामी दिसली. मी थबकलो.

"तो ग्रँड आहे, अगदी ठणठणीत," ते म्हणाले. "मोठ्या टाकीत गेला."

"आणि मिसेस?"

"तिच्या खिडकीत आता दुसरंच कोणीतरी असतं," म्हणाले, आणि रिकाम्या टाकीची काच पुसत राहिले.