समुद्र थांबल्याची खबर

मॅडमनी पेढे वाटले, आणि पेढ्यांचा बॉक्स रिकामा व्हायच्या आधीच आमच्या दोघींच्या हातातले ब्रश काढून घेतले. "आता कोणी काही उचलायचं नाही," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मी आणि सुगंधा एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो.

आधी काम सांगते, नायतर कळायचं नाय. शहापूरच्या बाहेर, मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्याला मॅडमची लॅब हाय. मॅडमनी सगळा जन्म समुद्राच्या चिखलात घातला. रिटायर झाल्यावर घरामागं खोल्या बांधल्या आणि तेच काम चालू ठेवलं. खोल समुद्राच्या तळाचा चिखल नळीत भरून येतो. थरावर थर. खालचा जुना, वरचा नवा. आमी तो चाळणीवर धुतो, सुकवतो. खाली राहते ती वाळू वाटते, पण मायक्रोस्कोपमधनं बघितली तर शिंपल्या असतात. राईच्या दाण्याहून बारीक. तळावर राहणाऱ्या किड्यासारख्या जिवाचं ते चुन्याचं घर. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायची. मग मॅडम त्या फोडतात, औषधांनी धुतात. धुतलेले तुकडे परत आमच्याकडं. त्यातला काळा कण बाजूला करायचा, तुकडे साफ ट्यूबमध्ये भरायचे. ट्यूब जाते बाहेरगावच्या मोठ्या मशीनला.

मी किन्हवलीची. शाळा नावापुरती. नवरा गेल्यावर रस्त्याची खडी फोडली, लोकांच्या शेतात राबले. बसून करायचं काम म्हातारपणी मिळालं. सुगंधा उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची, माझ्याहून पुष्कळ लहान. वीटभट्टीवर तिची कंबर गेली होती. खुर्चीवर बसून पोट भरतं हे तिला आधी खरंच वाटत नव्हतं.

मशीन त्या शिंपलीतलं कॅडमियम मोजतं. तो एक धातू हाय. मॅडमनी मला समजावलं होतं ते असं. बर्फाच्या मुलखात गार पाणी तळाला बुडतं आणि तळातळानं सरपटत दुसऱ्या टोकाला जातं. नवीन बुडलेल्या पाण्यात कॅडमियम कमी. जसं जुनं होतं तसं वरनं मेलेलं पडतं, कुजतं, आणि पाण्यात कॅडमियम वाढतं. तो जीव शिंपली बांधताना तेच पाणी घेतो. म्हणजे कमी निघालं तर पाणी वाहतं होतं. लय निघालं तर साचलेलं, डबक्यासारखं.

तर सुगंधाच्या टेबलावरच्या ट्यूबचा आकडा आला तो लय. एका थरात समुद्राचं फिरणं जवळजवळ थांबलं होतं, असा त्याचा अर्थ. कोणालाच ठाऊक नव्हतं म्हणे. म्हणून पेढे. मागनं माझ्या टेबलावरची ट्यूब आली. तोच थर, तीच शिंपली, आणि आकडा कमी. एकाच वेळी समुद्र थांबलेला आणि चालू कसा असेल?

"दोघींपैकी एकीच्या टेबलावर काहीतरी मिसळतंय," मॅडम बोलल्या. "या थराच्या शिंपल्या थोड्याच उरल्यात. त्या गेल्या की संपलं."

मग त्यांनी ब्लँक करायला सांगितलं. ब्लँक म्हणजे शिंपलीच घ्यायची नाय. बाकी सगळं रोजच्यासारखं करायचं आणि रिकामी ट्यूब मशीनला पाठवायची. तिच्यात काय निघालं तर ते समुद्राचं नाय, आपलं.

ट्यूब गेल्या आणि वाट बघणं सुरू झालं. हाताला काम नाय. मी धुतलेल्या चाळण्या परत धुवायची. सुगंधा गेटाशी जायची, परत यायची. मोटरसायकल वाजली तरी उठायची. मी बोलले, "गो, आकडे मोटरसायकलवर नाय येत. कम्प्युटरवर येतात."

"मावशे, माझ्याच टेबलाचा निघाला तर?"

"तर निघाला."

"तुला काय, तुजी पोरा मोठी झाली. मी पुन्यांदा भट्टीवं नाय जायाची."

तिची कंबर मी बघितली होती. सकाळी उठताना भिंत धरते ती.

आकडे आले. माझी ट्यूब साफ. सुगंधाच्या रिकाम्या ट्यूबमध्ये पहिल्याहून जास्त कॅडमियम. मॅडम चष्मा काढून बसल्या. ट्यूब बदलल्या, पाणी तपासलं, टेबल पुसलं. त्यात काय सापडलं नाय. शेवटी खुर्ची ओढून सुगंधाच्या बाजूला बसल्या. "रोज करतेस तसंच कर. माझ्याकडे बघू नकोस."

सुगंधानं ब्रश पाण्यात बुडवला. मग जिभेवर टेकवला, ओठातनं ओढला. सुईत दोरा घालताना करतात तसा. टोक झालं.

"हे काय केलंस?"

"टोक केला."

"तोंडात काय आहे तुझ्या?"

सुगंधानं ब्रश खाली ठेवला. मग हळूच बोलली, "मशेरी. सकाली लावली व्हती. चूल भरून तोंड धुतला मी, बाय."

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना घासायची, ती मशेरी. आमच्याकडं बाया चहाच्या आधी तीच घेतात. मॅडमनी डोक्याला हात लावला. तंबाखूचं झाड मातीतनं कॅडमियम ओढून पानात भरतं, असं त्यांनी सांगितलं. आणि ब्लँकच्या वेळी जास्त का, तेही उघड होतं. काळजीनं ती दिवसभर मशेरी लावत होती.

मी कसं बघितलं नाय, असं कोणी विचारेल. आमची टेबलं पाठीला पाठ, डोळे भिंगात. आणि माझ्या ब्रशचं टोक मी काचेच्या कडेला फिरवून करते. त्यात शहाणपण काय नव्हतं. दात गेलेले, ओठ आत गेलेले, ब्रश ओठात धरताच येत नाय. मशेरीपण दातांबरोबरच गेली.

सुगंधा उठली, एप्रन काढून खुर्चीवर ठेवला. "मी जाते, बाय."

मॅडमनी तो एप्रन उचलला. त्यांची पेढ्याची खबर गेली होती, राग येणारच. मग बोलल्या, "ओला कर, टोक कर, असं मीच शिकवलं होतं. कशानं ते सांगितलं नव्हतं. एप्रन घाल. पण मशेरी आणि ब्रश, दोन्ही नाही चालणार."

सुगंधानं मशेरी सोडली. बोलायला सोपं. तिचं डोकं दुखायचं, माझ्यावर खेकसायची, हात असा कापायचा की शिंपली उडून जायची. मॅडमनी तिला टाकाऊ वाळू दिली, त्यावर बस म्हणाल्या. उरलेल्या शिंपल्या मी एकटीनं केल्या, तोंडाला मास्क लावून. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, म्हणून सावकाश.

आकडा आला तो कमी. समुद्र थांबला नव्हता. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, आणि सुगंधा मागनं बोलली, "बरा झाला, बाय. चालू व्हता ना तो." तेव्हा मॅडमना हसू आलं.

पुढं सुगंधाचा ब्लँक साफ आला, पण लगेच नाय. मधला एक बिघडला होता. पाड्यावर कोणाच्या लग्नात तिनं बोटभर लावली होती. ती कबूल झाली, मॅडम ओरडल्या, परत टाकाऊ वाळू. आता खुर्ची तिची हाय.

काम शिकवताना कसं करायचं तेवढं सांगून भागत नाय. कशानं करायचं तेपण सांगावं लागतं, आणि कशानं नाय तेपण. हल्ली कामाला नवी बाई आली का सुगंधाच तिला आधी विचारते, तोंडात काय घालतेस. नाव मागनं.