किमान तापमानाच्या नोंदीवरचा शेरा

एका प्रामाणिक बाईंच्या कामावर मी चुकीचा शेरा लिहिला, आणि तो माझाच आहे हे जवळजवळ तीस वर्षे त्यांना कळू दिले नाही. लिहिताना तो चुकीचा आहे हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावरही मी गप्प राहिलो. माझा अपराध तिथून सुरू होतो.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. मी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत नुकताच लागलो होतो आणि चिक्कडपल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. आयातीचे निर्बंध सैल झाल्यामुळे संस्थेत नवे संगणक आले होते आणि त्यांवर आम्ही प्रदेशाच्या हवामानाचे मॉडेल चालवत होतो. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडते. आमच्या एका चौकोनात हैदराबाद, सिकंदराबाद आणि भोवतालची कितीतरी गावे मावत, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच तापमान असे. तलाव, बाग, गल्ली यांतले काहीच त्या चौकोनाला दिसत नसे.

मॉडेलचे उत्तर कितपत खरे आहे हे ताडून पाहायला प्रत्यक्ष नोंदी लागत. त्यांची छाननी माझ्याकडे होती. अंबरपेठेतल्या एका कॉलेजच्या आवारात असे एक नोंदकेंद्र होते. तिथल्या प्रयोगशाळेत सहायक असलेल्या बाई रोज सकाळी साडेआठला तापमान टिपत. त्यांच्या वहीत मला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दुपारचे कमाल तापमान इतर केंद्रांशी जुळत होते. रात्रीचे किमान तापमान मात्र दोन वर्षांपासून सतत चढे होते. दिवस जुळतो, मग रात्र का जुळू नये? संशोधकाला याहून चांगला प्रश्न क्वचितच मिळतो. मी त्याच्यापाशी एक दुपारसुद्धा रेंगाळलो नाही. लिहून टाकले : ‘निरीक्षक किमान तापमापीतील दर्शक सुई रोज पूर्ववत करीत नाही. निष्काळजीपणामुळे नोंदी अविश्वसनीय. वगळाव्यात.’ खाली संस्थेचा शिक्का होता, माझे नाव नव्हते.

काही महिन्यांनी जुन्या वह्या आणायला मी त्या कॉलेजच्या कार्यालयात गेलो. बाई तिथेच भेटल्या. पंचेचाळिशीच्या असतील. माहेर जुन्या संस्थानी मुलखातल्या मराठी शेतकऱ्यांचे. बोलण्यात इथली उर्दू सहज मिसळलेली. तापमापी ठेवलेली जाळीदार लाकडी पेटी उघडून दाखवा, असे मी म्हणालो.

“किल्ली माझ्याकडं नाही आता. क्लार्कसाहेबांकडं आहे.”

“का?”

“वरून कागद आला की! बाई सुई सरकवत नाही म्हणे. सोळा वर्षं झाली, दिवाळीचा फराळ तोंडात टाकायच्या आधी इथं येऊन आकडा लिहिलाय मी. आता स्टाफरूममधे मला ‘बेफिकीर बाई’ म्हणतात.”

टेबलापलीकडून क्लार्क म्हणाला, “बाई, जाऊ द्या ना! कायको पुन्हा पुन्हा परेशान होताय?”

“परेशान नाही, साहेबांना समजावते. ऐका. ह्या तापमापीत स्पिरिट असतंय. गारठा पडला की ते आकसतं अन् आतल्या सुईला खाली ओढतं. ऊन चढलं की स्पिरिट वर जातं, सुई खालीच राहते. ती खाली कुठं थांबली ते वाचायचं, मग नळी तिरकी करून सुई परत स्पिरिटच्या टोकाला आणायची. समजा, मी विसरले. मग सुई कालच्याच खालच्या आकड्यावर अडकेल. नोंद कमी येईल का जास्त?”

“कमी,” मी म्हणालो.

“हौ! अन् माझ्या नोंदी तर जास्त आल्यात. कोण येडा बसलाय हो तुमच्याकडं? जिंदगीत तापमापी हातात धरली नसेल त्यानं. तुम्ही ओळखता काय त्याला?”

क्लार्क हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, “नाही.”

निघताना आवारातल्या पेटीपाशी मला थांबवून, समोरच्या नव्या इमारतीकडे बोट करून बाई म्हणाल्या, “ह्या भिंतीला पहाटे हात लावून बघा एकदा.” पेटीसमोर पूर्वी चिंचेची झाडे आणि मोकळी माती होती. तिथे आता संगणक शिकवणाऱ्या संस्थेची तीन मजली इमारत उभी होती. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी मी सायकलवरून गेलो आणि भिंतीवर तळहात टेकला. हवेत गारवा होता. भिंत कोमट होती. दिवसभर प्यायलेले ऊन ती रात्रभर परत देत होती. सुई खाली का उतरत नाही, ते मला कळले. परतताना मी वाटेवरच्या प्रत्येक नव्या भिंतीला हात लावून पाहिला. तो आनंद मला आजही नीट आठवतो, आणि त्याची लाजही वाटते. कारण अहवाल पुढे गेला होता, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि मी शेरा मागे घेतला नाही. नोंदीचे काम बाईंकडे परत आले नाही. पुढे ते केंद्रच बंद झाले.

मॉडेलचे चौकोन वर्षानुवर्षे लहान होत गेले. आता त्यांत वस्त्याही दिसतात. मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या माझ्या एका सहकारी संशोधिकेने मॉडेलमधल्या शहरातली झाडे आणि माती काढून काँक्रीट घातले व ते पुन्हा चालवले. दुपारी फारशा बदलल्या नाहीत, रात्री तापल्या. ताडून पाहायला तिने जुन्या वह्या धुंडाळल्या.

“सर, अंबरपेठच्या नोंदी अगदी बसतात हो! ह्या वगळल्या कुणी?”

“मी.”

तिने वहीवरची बाईंची सही पाहिली. “मग त्या बाईंना नंतर सांगितलंत ना?”

तिने ते अगदी सहज विचारले. नोंदी ग्राह्य धरण्याचे पत्र मी त्याच आठवड्यात लिहिले. कागदावर ते सोपे होते. बाईंचा पत्ता शोधायला महिना लागला.

बाई सिकंदराबादला मुलाकडे राहतात. त्यांनी मला ओळखले नाही. सून चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या नेहमीच्या हळू आवाजात सगळे सांगितले. बाई माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या.

“कान गेलेत माझे. मोठ्यानं बोला की. कशाला लाजताय?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी उभा राहिलो, आणि आयुष्यात क्वचितच काढला असेल अशा आवाजात म्हणालो, “बाई, तुम्ही निष्काळजी आहात, हे मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमचा एकेक आकडा खरा होता. चूक माझी होती. मला माफ करा.”