गाठ शोधणारी बोटं

माझी ताई कोणावर जळायला लागली की तिच्या अंगठ्यातून रक्त येतं. लिहिताना मीठमसाला लावलेला नाही. कोणाला खोटं वाटत असेल, तर आमच्या घरातले टॉवेल बघावेत.

ताई कापड गिरणीत तपासणीच्या खोलीत आहे. मागावरून उतरलेलं कापड टेबलावर पसरतात, ती त्याच्यावरून तीन बोटं फिरवत जाते आणि कुठे धाग्याची गाठ लागली, की नखाने जराशी वर उचलून चिमट्याने काढते. तिच्याइतक्या गाठी तिथे कोणालाच सापडत नाहीत. तरी सात वर्षं ती गडद टेबलावर. काळं, कॉफी, गर्द निळं. पांढरं रेशीम तिच्या हातात कधी दिलंच नाही, कारण ही बाई स्वतःचे अंगठे सोलते. काळ्या कापडावर डाग दिसत नाही, पांढऱ्यावर बोंब होते.

आता पांढऱ्या टेबलावरच्या बाई निवृत्त होणार होत्या. जागा एक, नावं दोन. एक ताई आणि दुसरी फिकट रंगाच्या टेबलावरची लोणी. लोणी हे नाव ताईनेच ठेवलेलं.

"काय ती नखं, काय ती बोटं! लोण्यात बुडवून आणल्यासारखी," ताई जेवताना म्हणायची. "आणि गाठ म्हणशील, तर हत्ती विणून ठेवला तरी तिला लागणार नाही. मांजर कुरवाळावं तसा हात जातो वरून!"

"हात! अगं, हात!" आई ओरडायची, कारण तोवर ताईचा हात अंगठ्यावर गेलेला असायचा. "लहानपणापासून सांगतेय. ऐकलं असतंस तर आज..."

"तर आज मी पंतप्रधान असते. भात वाढ."

एकदा अंगठा पिकला, सुजला, तेव्हा डॉक्टरांनी मलम दिलं आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी सोबत गेले होते. त्या बाई एकेक शब्द जणू चिनीमातीचा आहे, अशा जपून खाली ठेवत बोलतात. "हा तुमचा... हट्ट नाही. आळस नाही. पुष्कळ जणांना होतं हे. ही सवय तुमच्यापेक्षा... चपळ आहे, इतकंच. आधी ती कधी येते ते बघू." त्यांनी एक वही दिली. प्रत्येक वेळी लिहायचं, कुठे होता, मनात काय होतं.

आठ दिवस वही कोरी राहिली. "लिहू काय कपाळ?" ताई म्हणाली. "मला कळतं तेव्हा रक्त आलेलं असतं."

त्या संध्याकाळी मी आईला हसवायला ताईची नक्कल केली. मान तिरकी, ओठ दुमडलेले, "लोणीला ना..." आणि त्याबरोबर तर्जनी अंगठ्याच्या कडेवरून हळूच सरकते, थांबते, परत मागे येते, मग नख खाली जातं आणि बारीक आवाज येतो, टक्. तो आवाज मी जिभेने काढला. आई हसून हसून बेजार. ताई मात्र हसली नाही.

"परत कर."

"अगं, चिडू नकोस ना, गंमत..."

"परत कर म्हणते ना. हळू कर."

मी तीनदा केलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मी कापडावर करते तसं आहे. बोट सरकतं, कड लागते, मागे येतं. मी गाठ शोधतेय गं. घरी येऊनही गाठीच काढत बसलेय."

मग माझी नेमणूक झाली. बोट सरकायला लागलं, की मी जिभेने टक् करायचं. नख लागायच्या आधी. पहिल्या दिवशी एकतीस नोंदी, त्यातल्या एकोणीस लोणीचं नाव निघाल्यावर. "ही वही उघडली तर पानं तुपकट लागतील," मी म्हटलं, आणि पाठीत धपाटा खाल्ला.

समुपदेशक बाईंनी सांगितलं, बोटाला खरखरीत कड सापडूच द्यायची नाही. म्हणून रोज कानस, मलम, अंगठ्यांना पट्टी. आणि ओढ आली की तळहात सपाट टेकवायचा, ती ओसरेपर्यंत. अकरा दिवस जमलं. बाराव्या दिवशी सुपरवायझर बाईंनी सगळ्यांसमोर लोणीचा हात हातात घेऊन म्हटलं, "एकंदरीत, पांढऱ्यासाठी असे हात हवेत!" या बाईंचं प्रत्येक वाक्य 'एकंदरीत'ने सुरू होतं, नुसती शिंकही. ताई घरी आली ती दोन्ही अंगठे सोलून.

"संपलं. सगळं गेलं," ती रडत म्हणाली.

समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, "अकरा दिवस... कुठे गेले? ते झालेच ना." ताईने नाक पुसलं आणि नवी पट्टी चिकटवली.

त्या जागेसाठी घेतलेल्या परीक्षेत दोघींना एकाच टेबलावर पांढरं रेशीम दिलं. अर्धं हिचं, अर्धं तिचं. पुढचं ताईने घरी करून दाखवलं, माझ्याइतकं बरं नाही, पण दाखवलं.

"एकंदरीत, हे अंगठ्यांना काय?"

"मी ते सोलते, बाई. उपचार चालू आहेत. गाठ मी या तीन बोटांनी शोधते, ती धड आहेत. आणि डागापेक्षा पट्टी बरी."

सात वर्षांत पहिल्यांदा तिने हे गिरणीत कोणाला तोंडाने सांगितलं होतं.

तेवढ्यात लोणी गोड आवाजात म्हणाली, "पट्टी छान आहे गं. दोन्हीकडे मॅचिंग?"

ताई सांगते, बोट सरकलंच. तिने तळहात समोर सपाट टेकवला. पडला तो लोणीच्या अर्ध्यात, तिने तपासून सोडलेल्या जागेवर. आणि हाताखाली गाठ लागली. सरकवला तर आणखी दोन.

"तुझ्या आहेत," ताई म्हणाली. बास, एवढंच.

एकंदरीत बाईंनी तीनही गाठी चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाल्या, "एकंदरीत, पांढरं तुमचं. दोन महिने बघू. डाग पडला तर परत काळं."

वहीत अजून रोज चार-पाच नोंदी होतात. उजवा अंगठा बराच भरलाय, डावा हट्टी आहे.

पण परीक्षेच्या त्या दिवशी दारातून आत येताना जागा मिळाल्याचं ताईने आधी सांगितलंच नाही. चप्पलही न काढता ओरडली, "आई, लोणी काय म्हणाली माहितीये? 'माझी नखं घे आणि तुझी बोटं दे.' जळतेय गं ती! माझ्यावर!"

"आणि जागेचं काय झालं?" आईने विचारलं.

"कुठली जागा? हां, ती मिळाली. ऐक तरी, ती म्हणाली..."