किती पावसाळे काढेल?

मावळातल्या भाजे गावचे माझे थोरले साडू म्हणजे जगातला सगळ्यात लांबचं बघणारा माणूस, आणि त्या लांबच्या नजरेपायी जवळचं त्यांना कधी दिसलं नाही. जन्म गेला कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये. रोज गंजलेलं, झिजलेलं, फुटलेलं बघून त्यांची नजरच अशी झाली होती की, नवी वस्तू समोर आली की ती पुढे कशी मरेल ते त्यांना आधी दिसायचं. खिशात कायम एक लोहचुंबक; ते चिकटलं की स्टील हलकं. माझ्या लग्नात आहेरातल्या स्टीलच्या पातेल्यांना त्यांनी भर मांडवात चुंबक लावून पाहिलं आणि सासऱ्यांच्या देखत मान हलवली. तुंगार्लीला आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीची पूजा चालू असताना हे किल्लीने खिडकीच्या ग्रिलचा रंग खरवडत होते. "पाव्हणं, दिसाया झ्याक हाय. पन पावसाळं किती काढंल?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "घेताना किती पडतं त्ये कुनीबी सांगंल. म्होरं किती पडतं त्ये बगा."

त्यांची स्वतःची छत्री लाकडी दांड्याची, जाड काड्यांची आणि इतकी जड की पावसापेक्षा तिचाच त्रास व्हावा. मिक्सरच्या मोटारीत तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, याचा छडा लागेपर्यंत ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी, पाट्यावर वाटत राहिल्या. छडा काही लागला नाही. ताई तक्रारही हसत करायच्या. "ह्यांच्या वस्तू लय टिकत्यात. झिजतीया ती मीच." आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

मग एका वादळात गावच्या स्मशानातली शेड उडाली. मावळात पाऊस लागला की लागला. शेड नसली म्हणजे चितेवर माणसांनी हातांनी पत्रा धरून उभं राहायचं. नवी शेड कशाची करायची, हे विचारायला पंचायतीने साडूंना बोलावलं आणि तिथेच घोडं अडलं. पत्र्याला ते नाही म्हणाले. "खालनं धूर, वरनं पानी. कवाच खाऊन टाकतंय त्याला." स्लॅबला नाही म्हणाले, कारण जाळाने आतली सळई फुगते आणि काँक्रीट पोपडे टाकतं. दगडी खांब आणि उंचावर कौलं, असं जमत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "अन् वानरांनी फोडली मंजी?" डोंगराची वानरं हा मुद्दा खोटा नव्हता. साडू त्यावर विचार करायला घरी गेले. पावसाळा आला, गेला, पुन्हा आला. "भाऊ, काय तरी ठरवा," सरपंच काकुळतीने म्हणायचे. "एकदाच करायचं, पन जल्माचं करायचं," भाऊ म्हणायचे.

त्याच आषाढात ताई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि संपलंच. नदी काठोकाठ, लाकडं भिजलेली, पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावरून काढून आणलेला. "भाऊ, तुमी बाजूला ऱ्हावा," सगळे सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही, एक कोपरा धरला. पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. त्यातून धार नेमकी ताईंच्या कपाळावर लागली होती, कुंकू कानापर्यंत ओघळत होतं. साडूंनी दुसरा हात वर करून त्या भोकाला तळहात लावला. अग्नी दिल्यावर पत्रा तापला. आम्ही हातांना ओलं गोणपाट गुंडाळलं, पण हे हात काढीनात. शेवटी सरपंचांनी आणि मी त्यांना ओढून बाजूला घेतलं. त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तेरावं झाल्यावर ते पंचायतीत गेले आणि एवढंच म्हणाले, "पत्रा घाला. मिळंल तो घाला." दिवाळीच्या आत शेड उभी राहिली, अगदी साध्या पत्र्याची. तिला त्यांनी चुंबक लावलं नाही. दर उन्हाळ्यात स्वतः शिडी लावून तिला गंज धरू नये म्हणून लाल रंग मारतात.

परवा त्यांच्याबरोबर नदीकडून येत होतो. पाऊस भुरभुरत होता. शेड दिसली आणि चेष्टेची जुनी सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, किती पावसाळे काढेल?" निघून गेल्यावर जीभ चावली. ते थांबले, शेडकडे बघत राहिले.

"पत्र्याचं काय, बदलता येतो," ते म्हणाले, आणि ती जड छत्री उघडून त्यांनी माझ्या डोक्यावर धरली.