पाटा, जातं आणि स्टँड

सहादू गांगुर्डे यांच्या घरातल्या जड वस्तू एकेक करून स्टँडखाली गेल्या. पहिला मान पाट्याला मिळाला. यशोदाबाई ठेचा वाटायला बसल्या तर पाटा जागेवर नाही, वरवंटा तेवढा कोपऱ्यात पोरका पडलेला. मागच्या पडवीत जाऊन पाहतात, तो नवरा पाट्यावर पाणी ओतून मिरचीचा डाग घासून काढतोय.

“अहो, काय चाललंय हे?”

“स्टँड हलतंय,” सहादू म्हणाले. “खाली वजन पायजे.”

हे स्टँड त्यांनी करवतीच्या मशीनसाठी स्वतः बनवलं होतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडून आणलेलं जुनं मशीन ते, त्याला पाय नव्हते. मशीन चालू केलं की दोऱ्यासारखं बारीक पातं वरखाली नाचायचं. प्लायवूड त्याच्यापुढे धरून हळूहळू फिरवत न्यायचं, की हवा तो आकार कापून निघतो. निदान निघायला हवा. सहादूंच्या हातून तो निघत नव्हता, आणि त्याला कारण स्टँड, असं सहादूंचं ठाम मत होतं.

हा माणूस मूळचा कळवणकडचा. सत्तर साली सातपूरच्या एका कारखान्यात सुतार म्हणून लागला आणि नाशिक रोडच्या वसाहतीत राहायला आला. कारखान्यात काम काय, तर मालाच्या पेट्या ठोकायचं. चौकोनी पेट्या, वर्षानुवर्षं. त्या पेट्यांना कंटाळलेला हात घरी आला की नक्षी मागायचा. मग हातकरवतीनं जाळ्या काप, कुणाच्या देव्हाऱ्याची कमान कर, कुणाला फोटोची चौकट कर, असं चालायचं. वसाहतीत विहार उभा राहिला तेव्हा सहादूंनी एक प्रथा पाडली. वर्षभरात वसाहतीतल्या घरांत जन्मलेल्या प्रत्येक लेकरासाठी ते पिंपळाचं एक लाकडी पान कापायचे. पानाच्या पोटात लेकराचं नाव कोरलेलं, मागून दिवा धरला तर अक्षरं उजळावीत असं. वैशाख पौर्णिमेला ती सगळी पानं विहाराच्या कमानीवर लागायची. आईबाप लेकराला उचलून त्याचं पान दाखवायचे, आणि सहादू बाजूला उभे राहून आपलं काहीच नाही असा चेहरा करायचे. मनातून मात्र गडी हवेत असायचा.

एका वर्षी त्या पानांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या आल्या. लोक काही बोलले नाहीत. सहादूंनी हातकरवतीला शिव्या घातल्या, निवृत्त झाल्यावर मशीन आणायचं ठरवलं आणि खरोखर आणलं. त्यात यंदा घरचंच पान होतं. कळवणला मास्तर असलेल्या मुलाला मुलगी झाली होती, सहादूंची पहिली नात. नाव ठेवलं संघमित्रा.

“नाव तरी सोपं ठेवायचं,” सहादू कुरकुरले होते, “किती वळणं! त्यात जोडाक्षर.” पण कुरकुरताना मिशीतून हसत होते. ते पान आपल्याच हातचं, आणि आजवरच्या सगळ्या पानांत देखणं व्हायला हवं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

यशोदाबाईंना जे माहीत होतं ते सहादूंना माहीत नव्हतं. सहादूंचा खोकला हटत नाही म्हणून दोघं दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, पण नजर होती सहादूंच्या उजव्या हातावर. सहादू चपला घालायला बाहेर गेले तसं डॉक्टर हळूच म्हणाले, “बाई, हा कंपवात आहे. पुरता बरा होण्यातला नाही. गोळ्या देतो, थोडा आराम पडेल.” त्या गोळ्या यशोदाबाई रोज ‘ताकदीच्या’ म्हणून देत होत्या. हात बशीकडे गेला की चहा सांडायचा, म्हणून त्यांनी नवऱ्याला पेल्यात अर्धाच चहा द्यायला सुरुवात केली होती. सांगायचं तर रोज मनात यायचं. पण ज्या माणसाचं सगळं असणं हातात आहे त्याला हात गेला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कुणाला जमत असेल तर जमो बापडं, त्यांना जमलं नाही.

तर स्टँड. पहिलं आंब्याच्या फळ्यांचं झालं. ते हलतं म्हणून मोडलं आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं लाकूड आणून दुसरं केलं. त्या लाकडावर रंधा चालेना, खिळा जाईना. पायांना आडवे पट्टे, तिरके पट्टे, तळाला टायरच्या रबराचे तुकडे. तरी पान वेडंवाकडं. मग पाटा गेला. मग सांडशीनं धरायचा लोखंडी तवा, मग परसातला कपडे धुवायचा दगड. यशोदाबाई ठेचा वाटायला शेजारच्या झुंबरबाईंकडे जाऊ लागल्या.

झुंबरबाई तोंडाच्या फटकळ. एकदा हसत म्हणाल्या, “यशोदे, तुझ्या मालकाचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं झालंय बघ!”

म्हण काही चुकीच्या जागी नव्हती. म्हणूनच यशोदाबाई उसळल्या. “तुझ्या पोरांची पानं कुणी कापली गं? तेव्हा अंगण सरळ होतं?” असं म्हणून अर्धवट वाटलेला ठेचा तसाच उचलून त्या घरी आल्या, आणि ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. मिरचीचा हात डोळ्याला लागल्यानं आणखीच रडल्या.

शेवटी सहादूंनी जातं मागितलं. ते यशोदाबाईंच्या आईचं, कळवणहून एसटीच्या टपावर चढवून आणलेलं. दळण आता गिरणीतून यायचं, पण ते जातं त्यांनी कधी कुणाला हलवू दिलं नव्हतं. सहादू दारात उभे राहून चाचरत म्हणाले, “तेवढं दिलंस ना, तर मग नाय हलायचं. माझी खात्री हे.”

यशोदाबाईंनी जात्यावरचं फडकं काढलं. खुंटा उपटला, दोन्ही तळ्या पुसल्या. काही उपयोग नाही हे पक्कं ठाऊक असताना त्यांनी स्वतः एका बाजूनं जातं धरलं आणि पडवीत नेऊन स्टँडखाली ठेवलं.

त्यानंही भागलं नाही तेव्हा सहादूंनी पडवीतल्या शहाबादी फरश्या उचकटल्या आणि स्टँडचे चारही पाय सिमेंटात गाडून घेतले. ते काम कारखान्यातल्या जुन्या जोडीदारानं, निवृत्ती फिटरनं करून दिलं. पौर्णिमा तोंडावर आलेली. सिमेंट वाळल्यावर सहादूंनी पुन्हा पान कापलं. पानाचा देठ तुटला, ‘सं’वरचं टिंब कुठल्या कुठे गेलं. त्यांनी तो तुकडा कुणाला दिसू दिला नाही आणि निवृत्तीला बोलावणं धाडलं.

निवृत्ती आला. यशोदाबाईंनी चहा आणला. निवृत्तीला बशीतूनच प्यायची सवय, तेव्हा त्याची बशी काठोकाठ भरलेली, आणि सहादूंचा नेहमीचा अर्धा पेला.

“चालू करून दाखवतो,” सहादू म्हणाले. “तूच बघ कसं थरथरतंय.”

मशीन घरघरू लागलं. निवृत्तीनं पायांवर हात ठेवून पाहिलं, तळाशी वाकून पाहिलं. वाकायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यानं हातातली बशी सहज स्टँडच्या फळीवर, मशीनच्या शेजारी ठेवली.

उभा राहिला तेव्हा त्याची नजर बशीवर गेली. यशोदाबाईंची तर आधीच गेली होती. त्यांना वाटलं, झडप घालून ती उचलावी. पण आता उशीर झाला होता. काठोकाठ चहा, वर साय धरू लागलेली, आणि त्या सायीवर सुरकुतीसुद्धा नाही. मशीन जोरात चाललं होतं आणि बशी जमिनीवर ठेवल्यासारखी स्वस्थ होती.

सहादू बशीकडे पाहत होते. त्यांच्या हातातल्या पेल्यातला अर्धा चहा सदऱ्यावर सांडत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी डाव्या हातानं मशीन बंद केलं.

“पिऊन घे रे,” ते निवृत्तीला म्हणाले. “गार होतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई उठल्या तर सहादू पाटा धुऊन स्वयंपाकघरात आणून ठेवत होते. जातं एकट्यानं उचलणं झेपेना, म्हणून एकेक तळी जमिनीवरून फरफटत आणली होती. खुंटा बसवायचा प्रयत्न चालला होता, पण खुंटा भोकात जाईना, इकडेतिकडे आपटत होता. यशोदाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि बसवला.

“तुला कधीपासून माहीत हे?” सहादूंनी विचारलं.

“पाटा नेला त्याच्या आधीपासून.”

“मग जातं कशाला दिलंस?”

यशोदाबाईंनी खुंटा पक्का बसलाय का ते हलवून पाहिलं. मग म्हणाल्या, “तुम्ही मागितलंत म्हणून.”

सहादू जात्यावर हात ठेवून बसले. आयुष्यात त्यांच्यावर रागवायच्या जागा खूप होत्या, पण त्या क्षणी यशोदाबाईंना राग आला तो त्या हाताचा. इतकी वर्षं इमानानं वागून ऐन वेळेला दगा दिला मेल्यानं, असं त्यांना वाटलं.

त्याच दिवशी सहादूंनी निवृत्तीला पुन्हा बोलावलं आणि कार्बन कागदानं प्लायवूडवर उतरवलेली सगळी पानं त्याच्यापुढे ठेवली. संघमित्राचं सगळ्यात खाली होतं. निवृत्ती म्हणाला, “दादा, नातीचं तेवढं तुम्हीच कापा. वाकडं झालं तरी चालंल.”

“तिचं वाकडं नाय चालायचं,” सहादू म्हणाले. “तू काप.” निवृत्ती कापत असताना ते शेजारी उभे राहून सांगत राहिले: इथं सावकाश, इथं पातं फिरव, लाकूड दाबू नको. निवृत्तीचा हात सरळ चालला होता. पान बिनखोट निघालं.

पौर्णिमेला विहाराच्या कमानीवर पानं लागली. कळवणहून मुलगा-सून लेकराला घेऊन आले होते. सुनेनं “घ्या ना बाबा” म्हणून नात पुढे केली, तेव्हा सहादू मागे सरले. “मला सर्दी हे, आजीकडे दे,” म्हणाले. त्यांना सर्दी नव्हती.

झुंबरबाईंनी कमानीकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं. त्यांना बहुधा त्या दिवशीची म्हण लागून राहिली असावी. त्या मनापासून म्हणाल्या, “सहादूभाऊ, नातीचं पान काय सुरेख झालंय हो! हात अजून तसाच हे तुमचा.”

निवृत्ती काही बोलायला गेला, पण सहादूंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली.

“नाय वहिनी, स्टँड चांगलं झालंय,” ते म्हणाले. “बिलकूल हलत नाय.”

यशोदाबाईंच्या एका खांद्यावर नात होती. दुसऱ्या हातानं त्यांनी सहादूंचा उजवा हात पदराआड ओढून घेतला आणि घट्ट धरला. होता नव्हता तेवढा जोर लावून धरला, तरी तो थांबेना.